पांढरा चतकोर

आकड्यांशी माझं सख्य कधी जमलंच नाही. शाळेत आलेखाचा कागद हाती आला की त्यातल्या बारीक चौकोनांत मी नक्षी काढत बसायचो. आता पन्नाशी उलटल्यावर तोच आलेख मुलीच्या मोबाइलमधून आमच्या घरात शिरलाय. ती रोज एखादा गमतीचा तक्ता दाखवते. दूध गॅसवर ठेवून आपण किती वेळ तिथं उभे राहतो आणि पाठ फिरवताच ते किती लवकर उतू जातं, असले विषय. रेषा अगदी गंभीर आणि विषय घरगुती, म्हणूनच हसू येतं.

शाळेच्या पुस्तकात ज्याला वृत्तालेख म्हणतात, तो विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थानं १८०१ मध्ये छापला. त्यातल्या एका वर्तुळात तुर्की साम्राज्याची आशिया, युरोप आणि आफ्रिका अशी वाटणी होती. साम्राज्यं मोजणारं ते वर्तुळ आता पोहे आणि उपमा मोजू लागलंय. क्रिकेटमध्ये षटकागणिक धावांच्या उभ्या पट्ट्या दिसतात, त्यांना तर मॅनहटन म्हणतात, तिथल्या उंच इमारतींवरून.

मला सर्वांत आवडला तो अमेरिकन व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांचा २००९ मधला तक्ता. चित्रपटातल्या प्रत्येक पात्राची एक रेषा. पात्रं भेटली की रेषा जवळ येतात, दुरावली की लांब जातात. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं जाळं पाहून डोळे गरगरतात. त्याच तक्त्यात ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ आहे : बारा सरळ, समांतर रेषा, बस्स! बारा जण एका खोलीत बसलेले, जाणार कुठं? ज्यांनी बासू चटर्जींचा १९८६ चा ‘एक रुका हुआ फैसला’ पाहिलाय, त्यांना विनोद लगेच कळेल. पण त्या खोलीत एकेकाचं मन कसं पालटत गेलं, ते त्या रेषांत कुठंच नाही. कवीची तक्रार म्हणा हवं तर.

या महिन्याच्या सुरुवातीला मुलीनं आमच्या घरातल्यांच्या दिवसाची वर्तुळं काढली. माझ्यात ‘कविता लिहिणं’ ही नखाएवढी फाक, आणि ‘लिहिलेली कविता ऐकवणं’ ही अर्धी भाकर. सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरानं.

मग तिच्या आईचं वर्तुळ आलं. स्वयंपाक, धुणं, बाजार, सगळे रंगीत तुकडे. एक चतकोर मात्र पांढराच.

‘‘हा रंगवायचा राहिला का गं?’’

‘‘नाही अब्बा. अम्मी वाट बघते, तो वेळ आहे हा. नळाला पाणी यायची, दादा घरी यायची, तुमचं जेवण उरकायची. याला कुठला रंग देऊ?’’

मी चष्मा पुसत बसलो.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात स्त्रिया बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, तर पुरुष ८८ मिनिटं, असं आढळलं. पण ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच. ज्यानं त्या दिवशी काडीही हलवली नाही, तो पुरुष या हिशेबात धरलेलाच नाही. म्हणजे त्या ८८ मिनिटांतसुद्धा मी नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ताट उचलून मी मोरीपाशी गेलो.

‘‘काय हवंय?’’ बायकोनं विचारलं.

‘‘काही नाही.’’

‘‘मग वाट अडवू नका.’’

तरी ताट घासलं. तिनं ते पुन्हा घासलं, हेही सांगायला हवं. संध्याकाळी मुलीला म्हटलं, ‘‘माझ्या वर्तुळात हे कुठं दाखवशील?’’

‘‘एका दिवसाचा तुकडा दिसायचाही नाही, अब्बा. महिनाभर करा, मग नवीन काढते.’’

महिना व्हायला अजून अकरा दिवस आहेत.