दारू सोडून नऊ वर्षं
(शहापूर-मुरबाड कार्यकर्ता शिबिरात एका साथीने केलेलं भाषण)



मला दारू सोडून नऊ वर्षं झाली. आपण म्हणतो, जमीन सावकारानं नेली. माझी अर्धी जमीन गेली ती प्यायलेला असताना कागदावर अंगठा दिला म्हणून. आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. संघटनेनं केस लावली. पण तारखेला कचेरीत नावाचा पुकारा झाला, तेव्हा मी बाहेर झाडाखाली पडलेला.

वीटभट्टीवरचं तुम्हाला ठाऊकच आहे. पावसाळ्यात उचल, भट्टीवर आठवड्याची खर्ची, आणि खर्चीच्या दिवशी दारूवाला तिथंच हजर. शेवटी हिशेब होतो तेव्हा उचल अंगावरच. शुद्धीत नसलेला माणूस हिशेब काय विचारणार?

पहिल्यांदा घरच्यांनी मला कोंडून ठेवलं. तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरले, फिट आली, भिंतीवर साप दिसायला लागले. बाहेरची बाधा म्हणून भगताकडं नेलं. ती बाधा नव्हती. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की असं होतं, त्यात माणूस मरतोसुद्धा. अशा माणसाला कोंडू नका, दवाखान्यात न्या. त्यावर औषध आहे.

नंतर पुण्याला मुक्तांगणमध्ये गेलो. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली येरवड्याला ते सुरू केलं. हा आजार आहे, हे तिथं समजलं. पण तितके दिवस मजुरी बुडवून पुण्याला जाणं किती कातकऱ्या-ठाकरांना जमेल?

परत आलो, सात महिने टिकलो आणि म्हशाच्या जत्रेत प्यायलो. लाजेनं मीटिंगला यायचं सोडलं. दोन साथी घरी आले. उपदेश केला नाही. म्हणाले, "चल, प्लॉट मोजायचेत, टेप धरायला माणूस पाहिजे." त्या दिवसापासून मी वर्षं मोजतो. आजही लग्नाच्या हळदीत आग्रह होतो. देवाच्या नावानं धार जमिनीवर सोडतो, ओठाला लावत नाही.

गडचिरोलीत लोकांनी लढून १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी आणली. १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला दारूवर बंदी घालायचा अधिकार दिला. शहापूर तालुका सगळा अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडची काही गावं आहेत. ठराव करूच. पण दुकान बंद झालं म्हणून पिणारा बरा होत नाही. म्हणून तीन गोष्टी मागतो. दारू तोडतानाचं औषध आणि खाट तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळावी. पाड्यापाड्यात सोडलेल्यांनी आठवड्याला एकत्र बसावं. आणि जो पुन्हा घसरला, त्याला संघटनेनं काम देऊन परत बोलवावं, हाकलू नये.

माझी केस पुन्हा लागलीय. या तारखेला पुकारा होईल तेव्हा मी ओ देणार.

जिंदाबाद!