चवदार तळे कोणाच्या मालकीचे होते? नगर परिषदेचे दप्तर आणि आपण

(मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी महाड सत्याग्रह दिनानिमित्त केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



२० मार्चच्या कार्यक्रमात महाडच्या पाण्याबद्दल आपण दरवर्षी बोलतो. मी आज महाडच्या कागदाबद्दल बोलणार आहे.

रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे मंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या किंवा सरकारी देखरेखीखाली असलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा, शाळांचा वापर अस्पृश्यांना खुला असावा, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतले, त्याच्या तीन वर्षे आधीच नगरपालिकेच्या दप्तरात तळे आपल्यासाठी खुले झालेले होते. गावात मात्र ते बंदच होते. १९२७ चा सत्याग्रह हा मंजूर झालेल्या, पण कधीच अमलात न आलेल्या ठरावाच्या अंमलबजावणीचाही सत्याग्रह होता.

पुढे काय झाले तेही लक्षात घ्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला. तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी तिथे न येण्याची अनादी काळापासून चालत आलेली रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. खटला जवळपास दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळ्याची जागा सरकारी, ती नगरपालिकेकडे निहित झालेली, आणि सवर्णांना ती रूढी अनादी असल्याचे सिद्ध करता आले नाही. प्रश्न माणुसकीचा होता, पण न्यायालयात त्याचे रूप झाले ते असे की ही जागा दप्तरात कोणाच्या नावावर आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. खेड्यात ग्रामसभा असते. ती नीट होत नाही हे खरे, पण कायद्याने गावातल्या प्रत्येक मतदाराला तिथे बसायचा हक्क आहे. मोठ्या शहरात वॉर्ड समित्या असतात. १९९३ पासून लागू झालेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने त्या सक्तीच्या केल्या, पण तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठीच. आपल्यासारख्या वीस-तीस हजार वस्तीच्या नगर परिषदेच्या गावाचे काय? ग्रामसभा गेली आणि वॉर्ड समितीची सक्ती आलीच नाही. पाच वर्षांतून एकदा मत द्यायचे, मधल्या काळात नगरसेवकाच्या घरी जायचे. नगरसेवक आपला असला तर चहा मिळतो, नसला तर ओटाही चढू देत नाही. अशा गावात सामान्य माणसाला आत शिरायला एकच दार कायद्याने कायम उघडे ठेवले आहे. ते म्हणजे दप्तर.

हे दार दिल्लीतल्या साहेबांनी आपणहून उघडलेले नाही. राजस्थानात दुष्काळी कामावर जाणारे मजूर होते, त्यात भूमिहीन आणि दलित मोठ्या संख्येने. त्यांना पूर्ण मजुरी मिळत नव्हती. विचारले की साहेब सांगायचा, मोजमापात तुमचे काम कमी भरले. मग मजदूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी म्हटले, ते मोजमाप आणि हजेरीपट आम्हाला दाखवा. १९९४ पासून जनसुनावण्यांत हजेरीपट गावासमोर वाचले जाऊ लागले, तेव्हा मेलेल्या माणसांच्या नावे मजुरी उचललेली निघाली. १९९६ च्या एप्रिलमध्ये ब्यावर या शहरात त्यांनी चाळीस दिवस धरणे धरले. मागणी होती कागदाच्या झेरॉक्सची. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा त्या चळवळीची. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीचा अधिकार देशभर लागू झाला. मजुरांच्या हजेरीपटातून निघालेला हा कायदा आहे, वकिलांसाठी केलेला नाही, हे आधी मनात पक्के करा.

मग नगर परिषदेत काय मागायचे? मी तीनच गोष्टी सांगतो.

पहिली, दलित वस्तीचा निधी. नागरी दलित वस्ती सुधार योजनेतून रस्ते, नाल्या, दिवे, समाजमंदिर यासाठी पैसे येतात. पैसे वस्तीच्या नावाने येतात आणि रस्ता भलत्याच कॉलनीत होतो, ही तक्रार मी जाईन तिथे ऐकतो. तोंडी भांडून उपयोग नाही. अर्जात असे लिहा: अमुक दोन आर्थिक वर्षांत या योजनेतून मंजूर झालेल्या कामांची यादी, प्रशासकीय मान्यता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि अंतिम देयक यांच्या प्रती. मोजमाप पुस्तिका म्हणजे एम.बी. त्यात काम कुठून कुठपर्यंत, लांबी किती, रुंदी किती, जाडी किती, हे सगळे लिहिलेले असते. ती हातात आली की टेप घेऊन वस्तीत जा आणि पोरांसमोर मोजा. तिथे भाषणाची गरज उरत नाही.

दुसरी, सफाई कामगारांचा हजेरीपट. गाव झाडणारे, नाल्या काढणारे, सेप्टिक टँक उपसणारे लोक कोणत्या जातींचे आहेत हे इथे सांगायला नको. पूर्वी ते नगर परिषदेचे कामगार होते, आता ठेकेदाराचे झाले. ठेकेदार खाजगी आहे म्हणून माहिती देता येत नाही, असे उत्तर येईल. ते मान्य करू नका. बिल नगर परिषद काढते, तेव्हा बिलासोबत जोडलेला हजेरीपट, मजुरी बँकेत जमा केल्याचा पुरावा आणि भविष्य निर्वाह निधीचे चलन हे नगर परिषदेकडचे कागद आहेत. त्यासोबत हातमोजे, बूट, गणवेश यांच्या खरेदीचे आणि वाटपाचे कागदही मागा. हाताने मैला साफ करायला लावणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात किंवा टाकीत माणूस मेला तर कुटुंबाला दहा लाख द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. पण मेलेला माणूस कामावर होता हे कोण सिद्ध करणार? हजेरीपटात नाव नसेल तर ठेकेदार सरळ म्हणतो, हा आमचा माणूसच नव्हता. म्हणून हजेरीपट माणूस जिवंत असताना मागायचा.

तिसरी, जुने दप्तर. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, नगर परिषद शाळांचे प्रवेश रजिस्टर. जातीच्या दाखल्यासाठी आणि वैधतेसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. ज्या आजोबांना कधी शाळेचे तोंड पाहू दिले नाही, त्यांच्या नातवाकडे आजोबांच्या शाळेचा दाखला मागितला जातो. पालावरच्या माणसाची नोंद तर कोणत्याच गावाने नीट ठेवली नाही. जी काही नोंद असेल ती त्या वह्यांत आहे, आणि त्या वह्या वाळवी खाते आहे. माहिती अधिकाराच्या कलम ४ ने दप्तराची सूची करून ते जपणे हे कार्यालयाचे कर्तव्य ठरवले आहे. अशा वह्यांची सूची मागा आणि त्यांचे स्कॅनिंग झाले का, त्याचा कागद मागा. हे काम एका घराचे नाही, चार समाजांनी मिळून करायचे आहे.

आता पद्धत. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' च्या नमुन्यात अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्दांत मागणी. दारिद्र्यरेषेखालील माणसाला फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. आपले जे नातेवाईक कामासाठी सुरतेला, इंदूरला, हैदराबादला आहेत, त्यांच्याकडे फी भरण्याची रीत आणि नमुना वेगळा असू शकतो. कायदा तोच. माहिती कशासाठी हवी हे सांगायची सक्ती नाही, हे कलम ६ मध्येच लिहिले आहे. अर्जात 'का' विचारू नका. 'रस्ता का केला नाही' याला उत्तर मिळत नाही, 'अमुक ठरावाची प्रत द्या' याला मिळते. कागद कोणते हे माहीत नसेल तर आधी दप्तर पाहायची मागणी करा. तोही हक्क आहे. राज्य सरकारने २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने दर सोमवारी दुपारी तीन ते पाच अर्जाशिवाय दप्तर पाहू देण्याची सूचना काढली आहे. आपल्या नगर परिषदेत तिची अंमलबजावणी कशी होते, हे मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा.

तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, तिथे न्याय नाही मिळाला तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरे. मुदत संपल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते. दोषी अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे आणि जास्तीत जास्त पंचवीस हजार दंड आहे. पण आयोगात अपिले फार काळ पडून राहतात, म्हणून पहिल्या अपिलाची सुनावणी गांभीर्याने घ्या. एकटे जाऊ नका, लिहिता येणारी मुलगी सोबत घ्या, बोललेले टिपून ठेवा.

उत्तरे ठरलेली असतात. 'अभिलेख आढळून येत नाही' असे आले तर विचारा, नष्ट केला असेल तर कोणाच्या आदेशाने, कोणत्या तारखेला, त्या नोंदीची प्रत द्या. 'वैयक्तिक माहिती आहे' असे आले तर सावध व्हा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(जे) मधली जनहिताची अट काढून टाकायची तरतूद केली, त्यामुळे हे उत्तर आता वाढणार आहे. तरी कलम ८(२) शिल्लक आहे. सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते, ते अपिलात लिहा. घरकुलासारख्या अनुदानाच्या योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील तर कलम ४ प्रमाणे कार्यालयाने न मागता जाहीर करायचा आहे.

यात धोका आहे आणि तो मी लपवणार नाही. माहिती मागणाऱ्यांचे या देशात खून झाले आहेत, त्यात दलित कार्यकर्तेही आहेत. लहान गावात अर्ज टेबलावर पडताच संध्याकाळपर्यंत ठेकेदाराला नाव कळते. घरमालक, दुकानदार, सावकार, सगळे एकाच गोतावळ्यातले असतात. म्हणून एका पोराला पुढे करून बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, हे चालणार नाही. एकाच विषयावर दहा जणांनी दहा अर्ज टाका, त्यात चार महिला असू द्या. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा, मिळालेले कागद तीन घरांत ठेवा. दम दिला तर त्याच दिवशी लेखी तक्रार द्या. आणि हे कागद घेऊन तोडपाणी करणारा कोणी आपल्यात निघाला तर त्याला आधी बाहेर काढा. त्याच्यामुळे खऱ्या अर्जदाराची किंमत जाते.

कागद मिळाला म्हणजे नाली झाली असे नाही. महाडात १९२४ चा ठराव तीन वर्षे पडून होता, लोक तळ्यावर गेले तेव्हा त्याला अर्थ आला. पण तळ्यावर जाऊन आल्यावर पुढची दहा वर्षे खटला लढावा लागला, आणि तिथे कागद लागला. दोन्ही लागते.

आजच्या कार्यक्रमाच्या वर्गणीतून शंभर कोर्ट फी स्टॅम्प घ्या, अशी आयोजकांना विनंती आहे. हजार रुपयांचे काम आहे. दर रविवारी विहारात वंदनेनंतर एक तास दोन शिकलेल्या मुला-मुलींनी बसायचे आणि ज्याला अर्ज लिहायचा आहे त्याला लिहून द्यायचा. पहिला अर्ज या वस्तीच्या निधीचा असू द्या. पुढच्या २० मार्चला या मंचावरून त्या एम.बी.ची पाने वाचली जावीत, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो आणि थांबतो.

जयभीम, जय संविधान.