वेष्टनावरचा बारीक मजकूर

बिस्किटांच्या पुड्याची दर्शनी बाजू जितकी वाचाळ, तितकीच त्याची पाठ संकोची असते. आणि म्हणूनच ज्या मुलाला अक्षरओळख झाली आहे, त्याला पुडा फोडण्यापूर्वी तो उलटा करून पाहण्याची सवय लावणे, हे मला पाढे पाठ करून घेण्याइतकेच अगत्याचे वाटते. घटकपदार्थांची यादी नियमानुसार वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. तेव्हा जो जिन्नस दुसऱ्या क्रमांकावर विराजमान झाला आहे, त्याचा वकूब मुलाच्या ध्यानी सहज येतो. मात्र साखर पुष्कळदा नाव बदलून वावरते. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप ही तिचीच भावंडे; फौजदारी कैफियतीतही आरोपीची इतकी टोपणनावे क्वचितच आढळावीत.

आता हिशेब. समजा, फळांच्या पेयाच्या 200 मिलिलिटरच्या डब्यावर दर 100 मिलिलिटरला 12 ग्रॅम साखर असे छापले आहे. मुलाने ती प्रथम दुप्पट करावी आणि चहाच्या सपाट चमच्यात साधारण 4 ग्रॅम साखर मावते असे धरून रिकाम्या वाटीत एकेक चमचा मोजून टाकावा. सहावा चमचा पडताना त्याच्या मुद्रेवर जो भाव उमटतो, तो माझ्या भाषणाने खचित उमटणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली अशा साखरेची ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून, शक्य तर 5 टक्क्यांहूनही, कमी ठेवण्यास सुचविले; हे 5 टक्के म्हणजे प्रौढ माणसाला सुमारे 25 ग्रॅम.

घरच्या लाडवाला अर्थातच वेष्टन नसते. त्याचा तपशील आजीलाच विचारावा. ती बहुधा "अंदाजाने घातली रे" एवढेच सांगेल.