गृहस्थाची चार सुखे

(विहारातील वर्षावास कार्यक्रमात उपासक-उपासिकांसमोर केलेले भाषण)



आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण या विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करतो. वाचन ऐकताना पुष्कळांच्या, विशेषतः आयाबायांच्या मनात एक शंका येते. धम्मात सगळीकडे दुःखाचाच विचार आहे, मग आमच्या घरातल्या लहानसहान आनंदाचे काय? नातवाला पहिला दात आला, पोरगी दहावी पास झाली, पोराने पहिल्या पगारातून आईला साडी आणली, बुद्धपौर्णिमेला घरात खीर झाली, चौदा एप्रिलला सगळ्यांनी नवे कपडे घातले. हे सुख म्हणजे आसक्ती काय? ते टाकून द्यायचे काय?

बांधवांनो, तसे मुळीच नाही. भिक्खूचा मार्ग वेगळा आणि गृहस्थाचा वेगळा, हे तथागतांनी नीट ओळखले होते. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. अंगुत्तर निकायात ती आली आहेत. अत्थि सुख, भोग सुख, अनण सुख आणि अनवज्ज सुख, अशी त्यांची पाली नावे. नावे अवघड वाटली तरी अर्थ आपल्या रोजच्या जगण्यातला आहे.

अत्थि सुख म्हणजे जवळ काही असण्याचे सुख. मात्र ते घाम गाळून, सचोटीने मिळवलेले असले पाहिजे. वर्षभर पैसे साठवून घरात शिलाई मशीन आणले की बाई त्यावरून दहा वेळा हात फिरवते, ते हे सुख. भोग सुख म्हणजे मिळवलेल्याचा उपभोग घेण्याचे आणि त्यातून सत्कर्म करण्याचे सुख. घरच्यांना गोडधोड घालावे, पौर्णिमेला विहारात दान द्यावे, शेजारच्या पोराला वह्या घेऊन द्याव्यात. अनण म्हणजे ऋण नसणे, कुणाचे देणे डोक्यावर नसण्याचे सुख. आणि अनवज्ज म्हणजे निर्दोष वागण्याचे सुख. काया, वाचा आणि मनाने आपण वाईट केले नाही, म्हणून रात्री शांत झोप लागते ते.

यातल्या तिसऱ्या सुखावर आज मला जास्त बोलायचे आहे. आपल्या वस्त्यांमध्ये पहिल्या दोन सुखांच्या नादात हे तिसरे सुख हातचे जाते आहे. बाळाचे नामकरण असो, पहिला वाढदिवस असो की लग्न असो, मांडव मोठा हवा, डीजे हवा, पाचशे पानं उठली पाहिजेत. का? तर लोक काय म्हणतील! हिशेब करून पाहू. शेकडा तीन रुपये महिना व्याजाने पन्नास हजार काढले, तर महिन्याला दीड हजार आणि वर्षाला अठरा हजार नुसते व्याज जाते. मुद्दल जागच्या जागीच. बाळाचा दुसरा वाढदिवस येतो तेव्हा पहिल्याचेच पैसे फिटलेले नसतात. सांगा बरं, ज्या बाळासाठी हे केले त्याला यातले काय कळले? त्याला आईची मांडी आणि बापाचा खांदा एवढेच हवे होते.

कोलिय गणातल्या दीघजाणूला तथागतांनी हेच समजावले. तराजू धरणारा जसा पारड्याकडे पाहतो तसे गृहस्थाने मिळकत आणि खर्च यांच्याकडे पाहावे. मिळकत थोडी आणि खर्च फार, अशा माणसाला त्यांनी उंबर खाणाऱ्याची उपमा दिली. खायची चार फळे, पण झाड हलवून सडा पाडायचा. मात्र त्याच सूत्रात दुसरी बाजूही आहे. भरपूर मिळत असूनही जो कुढत जगतो, पोटाला चिमटा घेतो, त्यालाही त्यांनी योग्य म्हटलेले नाही. म्हणजे कर्ज काढून मिरवणे जसे चूक, तसे पैसा असून पोरांना वर्षभर एक फळ न आणणे हेही चूकच. सिगालाला तर त्यांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी शिल्लक. उपभोगाचा भाग आधीच बाजूला काढलेला आहे हे ध्यानात घ्या.

आता हे घरातले सुख घरातल्या सगळ्यांना मिळते काय? सुट्टीच्या दिवशी झणझणीत रस्सा होतो, सगळे ताव मारतात, आणि करणारी शेवटी बसते तेव्हा पातेल्याच्या तळाशी काय उरते, हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. सिगालाला केलेल्या उपदेशात पतीची पाच कर्तव्ये आहेत. पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, एकनिष्ठ राहावे, घरचा कारभार तिच्या हाती द्यावा आणि तिला अलंकार द्यावेत. अलंकार म्हटल्यावर सोन्याच्या भावाने कुणी घाबरू नये! मोगऱ्याचा गजरासुद्धा चालतो, पण तो आणायची आठवण हवी. बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत हाच विचार पुढे नेला. पत्नीने नवऱ्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून उभे राहावे, त्याची दासी होऊ नये, असे त्यांनी आपल्या भगिनींना बजावले. लग्नाची घाई करू नका आणि मुलांना शिकवा, हेही सांगितले. ताटे एकदम वाढून सगळ्यांनी एकत्र जेवणे, ही त्या बरोबरीची सुरुवात आहे. त्याला एक पैसाही लागत नाही.

आणि चौथे सुख? आधीची तिन्ही सुखे त्याच्या सोळाव्या हिश्शालाही पुरत नाहीत, असे तथागतांनी अनाथपिंडिकाला सांगितले. घरात टीव्ही आहे, फ्रीज आहे, पण बाप दारू पिऊन आला की पोरे कोपऱ्यात दडतात. त्या घरात कसले सुख? पंचशील आपण विहारात म्हणतो, पण ते पाळण्याची जागा म्हणजे आपले घर.

म्हणून माझी आपणां सर्वांना नम्र विनंती आहे. घरातले मंगल कार्य कर्ज न काढता करावे. नामकरणाला त्रिसरण-पंचशील, परित्राणपाठ आणि वाटीभर खीर पुरेशी आहे. वाचलेले पैसे बाळाच्या नावाने बँकेत ठेवावेत. जे कुटुंब साधेपणाने कार्य करील त्याला कुणी नावे ठेवू नयेत, उलट समितीने या विहारात त्याचे कौतुक करावे. लोक काय म्हणतील ही भीती एकट्या घराने जात नाही. ते लोक म्हणजे आपणच आहोत, तेव्हा ती आपण सर्वांनी मिळून घालवली पाहिजे.



नमो बुद्धाय! जयभीम!