राजीखुशीचा कागद
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नशिराबाद येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी मजसारख्या एका निवृत्त शाळामास्तरास पोटगीच्या कायद्यावर बोलण्याची आज्ञा केली, हे पाहून पुष्कळांस नवल वाटले असेल. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मी वकील नाही. परंतु या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि त्या चुकीमुळेच मला हा कायदा वाचणे भाग पडले. ती चूक आपणांपुढे ठेवावी, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याच ज्ञातीतील एका दांपत्याचे पटेना. मुलगी तान्हे मूल घेऊन माहेरी परतली होती. दोन्हीकडची मंडळी जमली, पंच बसले, आणि अक्षर चांगले म्हणून कागद लिहिण्याचे काम मजकडे आले. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर मी लिहिले, की उभयता राजीखुशीने विभक्त राहत आहेत, मुलीस एकरकमी ५१ हजार रुपये पावले आहेत, आणि यापुढे ती स्वतःकरिता वा मुलाकरिता पोटगी मागणार नाही. ती मुलगी माझीच विद्यार्थिनी. मी बोट ठेवले तेथे तिने निमूटपणे सही केली. तंटा कोर्टाबाहेर मिटला म्हणून आम्ही सर्वांनी चहा घेतला आणि समाधानाने घरी गेलो.

चार वर्षांनी ती माझ्या दारी आली. पैसे केव्हाच संपले होते, भाऊ वेगळा झाला होता, मुलगा शाळेत जाऊ लागला होता. तिने मला एवढेच विचारले, "गुरुजी, त्या कागदात राजीखुशी लिव्हली व्हती, ती कोनाची व्हती?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. बैठकीत तिला कोणी काही विचारलेच नव्हते.

त्यानंतर मी जे वाचले व जाणकारांकडून समजून घेतले, ते थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट पंचांच्या अधिकाराची. ज्ञातीने विवाह रद्द ठरवावा किंवा स्त्रीस पुनर्विवाहाची परवानगी द्यावी, हा अधिकार न्यायालय मानणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ सालीच सांगितले आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीप्रमाणे होणारी काडीमोड राखून ठेवली आहे हे खरे. परंतु तशी रूढी ज्ञातीत खरोखर चालत आली आहे, हे पुराव्याने सिद्ध करावे लागते. ते न झाल्यास आपला मुद्रांक हा केवळ कागद राहतो आणि विवाह कायमच असतो. अशा कागदाच्या भरवशावर दुसरा विवाह केलेली मंडळी पुढे संकटात सापडतात.

दुसरी गोष्ट त्या 'राजीखुशी' शब्दाची. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आले आहे. ज्या पत्नीस, अपत्यास वा आईबापांस स्वतःचे पोषण करता येत नाही, त्यांस ऐपत असलेल्या पतीने, पित्याने वा संततीने निर्वाहखर्च द्यावा, असे ते सांगते. घटस्फोट झालेली स्त्री पुन्हा विवाह करीपर्यंत यात 'पत्नी'च गणली जाते. मात्र पत्नी व्यभिचारात राहत असेल, पुरेशा कारणावाचून नांदण्यास नकार देत असेल, किंवा उभयता परस्परसंमतीने विभक्त राहत असतील, तर तिला हा हक्क मिळत नाही. तेव्हा पाहा, आम्ही सलोख्याचा म्हणून जो शब्द घातला, तोच विरुद्ध बाजूच्या वकिलाने तिच्यापुढे धरला! न्यायालयातून परस्परसंमतीने घेतलेला घटस्फोट निराळा. त्याला ही आडकाठी लागू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले आहे.

तिसरी गोष्ट 'पोटगी मागणार नाही' या अटीची. अशी अट लोकनीतीच्या विरुद्ध असून तिच्या जोरावर कायद्याने दिलेला हक्क बुडत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली ठरविले. मुलाच्या बाबतीत तर प्रश्नच नको. आईने सही केली म्हणून लेकराची भाकरी बापाकडून सुटत नाही.

आता रकमेविषयी. १९७३ च्या संहितेत महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती २००१ साली काढून टाकण्यात आली. आज रक्कम दोघांची मिळकत, गरजा व राहणीमान पाहून ठरते. आपल्या भागात नेहमीचा बचाव हा, की शेत बापाच्या नावे आहे, माझ्या नावे काही नाही. त्यावर उपाय झाला आहे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून निघालेल्या एका प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले, की दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता व देणी शपथपत्रावर मांडावीत, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी. सबब मुलीच्या बाजूने सातबारा, आठ-अ, केळी-कापूस विक्रीच्या पट्ट्या, पगाराचा दाखला, जे हाती येईल ते जपून ठेवावे. पत्नी थोडेबहुत कमावते, एवढ्यावरून तिचा हक्क आपोआप जात नाही. तसेच खोटी मिळकत सांगणे जसे पतीस शोभत नाही, तसे आपली कमाई लपविणे पत्नीसही शोभत नाही. शपथपत्र दोघांनाही आहे.

अर्ज जेथे पत्नी राहते तेथेही करता येतो. सासर सुरतेस असले तरी नशिराबादला माहेरी असलेल्या लेकीने जळगावी अर्ज करावा. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकालात काढावा, असे कायदा म्हणतो. हुकूम होऊनही रक्कम न आल्यास वसुलीचे वॉरंट निघते व कैदही होऊ शकते. पण थकलेल्या रकमेसाठी ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला पाहिजे. पुष्कळ भगिनी भिडेपोटी थांबतात आणि ते वर्ष निघून जाते.

विधवा सुनेचाही विचार व्हावा. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याप्रमाणे, जिला अन्य आधार नाही अशा विधवा सुनेचे पोषण सासऱ्याने आपल्या हाती असलेल्या वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतून करावयाचे असते. त्या मिळकतीतून तिला वाटा मिळाला असेल तर गोष्ट निराळी. वृद्ध आईबापांकरिता २००७ चा स्वतंत्र कायदा असून त्याखाली महिना १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होतो. हे कर्तव्य लेकीवरही आहे. विवाहित मुलगीही ऐपत असल्यास आईबापांस पोसण्यास बांधलेली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात १९८७ साली सांगितले.

कोणी म्हणेल, गुरुजी घरे मोडण्याची वाट दाखवीत आहेत. तसे नव्हे. समेट घडविणे हे पंचांचे पुण्यकर्म आहे आणि ते चालू राहावे. परंतु समेट म्हणजे दुर्बळाचे तोंड बंद करणे नव्हे. माझी मंडळास तीन विनवण्या आहेत. बैठकीत मुलीस एकटीस, तिच्या विश्वासातील एखाद्या स्त्रीसमक्ष, तिचे म्हणणे विचारावे. विभक्त होण्याचेच ठरले तर कागद घरी न लिहिता तडजोड न्यायालयापुढे नोंदवावी, आणि मुलाची रक्कम निराळी दाखवावी. आणि पैशाअभावी कोणी अडून राहू नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीस, तिची मिळकत कितीही असो, मोफत विधी सहाय्य मिळते. त्यासाठी जळगावी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

त्या मुलीबरोबर मीच तेथे गेलो होतो. मुलाची पोटगी आधी मंजूर झाली. तिची मिळण्यास दोन वर्षांचे हेलपाटे पडले, आणि त्यातील बराचसा काळ माझ्या हस्ताक्षरातील त्या एका ओळीचा खुलासा करण्यात गेला. पंच म्हणून मी न्यायालयात उभा राहिलो आणि तिची संमती कोणी विचारली नव्हती, हे शपथेवर सांगितले. चारचौघांत मान खाली गेली, परंतु मन हलके झाले.

तो मुलगा यंदा बारावीस आहे. त्यानंतर मी असा कागद लिहिलेला नाही, आणि आपणही लिहू नये, लिहू देऊ नये, एवढीच माझी प्रार्थना आहे.