सुटकेआधी दाखला



येरवडा, नाशिक रोड, अमरावती, नागपूर. या मध्यवर्ती कारागृहांतून शिक्षा भोगून बाहेर पडणाऱ्यांत असेही असतात, ज्यांचा मधुमेहानं पाय गेलाय, डोळ्यांनी दिसेनासं झालंय किंवा लकव्यानं हात निकामी झालाय. आत जाताना धडधाकट असलेला माणूस वयानं आणि आजारानं दिव्यांग होऊन परततो. शिक्षेचा डाग असतोच, त्यात अंगात मेहनतीचं बळ नाही. अशाला मजुरीला कोण बोलावणार?

त्याला आधार होऊ शकते ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. ऑक्टोबर २०२५पासून दिव्यांग लाभार्थ्यांना दरमहा अडीच हजार रुपये मिळू लागले. तहसील कार्यालयात प्रामुख्यानं वय, उत्पन्न, किमान ४० टक्के अपंगत्व आणि महाराष्ट्रातलं १५ वर्षांचं वास्तव्य पाहतात.

अडतं ते कागदांपाशी. अपंगत्वाचा दाखला नाही. रेशनकार्डावरून नाव कमी झालेलं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर कधीच बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी येणार कुठं? बँकेचं खातं व्यवहाराविना निष्क्रिय. मग कुबडी टेकत तलाठी, सेतू केंद्र, जिल्हा रुग्णालय, परत सेतू केंद्र अशी फरफट सुरू होते. घरात खाणारं तोंड मात्र पहिल्या दिवसापासून वाढलेलं असतं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची निराधार पत्नीही याच योजनेत बसते. पण नवरा सुटला की ती कैद्याची पत्नी राहत नाही, आणि ज्या कारणानं अनुदान मिळत होतं ते कारणच संपतं. म्हणजे दिव्यांग माणूस घरी येतो, आणि तेव्हाच घरातला आधार जातो! हे टाळायचं तर त्याचा अर्ज आधीच तयार हवा.

म्हणून माझं कळकळीचं म्हणणं आहे की अपंगत्वाचा दाखला तुरुंगात असतानाच काढला गेला पाहिजे. दाखला देणारं वैद्यकीय मंडळ जिल्हा रुग्णालयात बसतं, आणि कैद्यांना उपचारासाठी तिथं नेतातच. पोलीस गारद नाही म्हणून तारखा टळतात, हे खरं. पण तो माणूस शासनाच्याच ताब्यात आहे. त्याला रुग्णालयाच्या दारापर्यंत नेणं दुसऱ्या कुणाच्या हातात नाही. तामिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये सांगितलं, की दिव्यांग कैद्याची ओळख तुरुंगात दाखल होतानाच पटवावी आणि आपलं अपंगत्व सांगण्याची संधी प्रत्येकाला द्यावी. ही नोंद झाली, तर दाखल्याचं काम त्याच दिवशी मार्गी लागू शकतं.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून कुणी थांबू नये. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२नुसार कोठडीतली व्यक्ती मोफत कायदेशीर मदतीला पात्र आहे, आणि दिव्यांग व्यक्तीही. दिव्यांग कैद्याला हा हक्क दोन्ही बाजूंनी मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करा. दाखल्यासाठी रुग्णालयात नेत नसतील, तर विधी सेवेच्या वकिलाला न्यायालयाकडे तसा अर्ज करायला सांगा.

आणि ज्यांचं माणूस आत आहे त्यांनी पुढच्या मुलाखतीला जाताना त्याच्या आधारची, रेशनकार्डाची आणि जुन्या औषधोपचाराच्या कागदांची झेरॉक्स सोबत न्यावी, आणि दाखल्यासाठीचा लेखी अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावे देऊन त्याची पोच घ्यावी.