दुसऱ्या घरी जाणारे मूल
(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्यासमोर केलेले भाषण)

आईबापांचा संसार मोडला म्हणजे मुलाला एकाऐवजी दोन घरे होतात. न्यायालयाच्या हुकुमानुसार ते एका घरी राहते आणि ठरल्या दिवशी दुसऱ्या घरी जाते. बहुतेक मुले तेथून सुखरूप, पुष्कळदा आनंदाने परततात. परंतु एखादे मूल शनिवार जवळ आला की गप्प होते, अंथरूण ओले करू लागते, परतल्यावर पाठ दाखवावयास तयार होत नाही. संशय प्रथम येतो तो बहुधा वर्गशिक्षिकेस किंवा आजीस.

या संशयाची गावात काय गत होते? “नवराबायकोचे भांडण आहे, मुलाच्या आडून वार चालले आहेत,” असे म्हणून चार शहाणी माणसे तो मोडीत काढतात. खोटे आरोप होतच नाहीत, असे नव्हे. तथापि खरे-खोटे पारावर ठरत नाही. आणि ते ठरेपर्यंत मूल पुन्हा त्याच घरी जाऊन आलेले असते. याउलट काही नातेवाईक मुलाला समोर बसवून दहा जणांपुढे तीच हकीकत वदवून घेतात. “बाबांनीच मारले ना?” या प्रश्नात उत्तर आधीच घातलेले असते आणि पुढे तपासात मुलाचे खरे बोलणेही त्यामुळे दुबळे ठरते. मुलाने आपणहून सांगितलेले त्याच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवावे. वळ वा जखम असल्यास डॉक्टरांना दाखवावी. “कोणाला सांगणार नाही,” असे वचन मात्र देऊ नये.

कारण ते पाळता येत नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा अपराध घडल्याची माहिती किंवा घडण्याची भीती असणाऱ्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकास वा स्थानिक पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. सद्भावनेने कळविणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे. पुरावा गोळा करून आणण्याची अट कोठेही नाही. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा पसंतीच्या जागी, गणवेश न घातलेल्या अधिकाऱ्याने, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समितीस कळवावयाचे असते. मारहाण, उपासमार यांसारख्या क्रूरतेसाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ आहे. १०९८ हा क्रमांक तर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असावयास हवा.

खरा पेच मात्र याहून निराळा. भेटीचा हुकूम हाती आहे, उद्या रविवार आहे. मूल पाठवावे की न पाठवावे? अनेक माता मुलाला मामाकडे लपवितात. मग पुढच्या तारखेला हुकूम मोडल्याची तक्रार दाखल होते आणि मुलाची जखम बाजूला पडून आईचे वर्तनच चर्चेचा विषय होते. पोलिसांत तक्रार दिल्याने भेटीचा हुकूम आपोआप बदलत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. यास्तव तक्रारीबरोबरच, हुकूम देणाऱ्या न्यायालयात तातडीचा अर्ज करावा. ताब्याचा हुकूम अपरिवर्तनीय नसतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम १३ नुसार मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च विचार होय. न्यायालय भेट थांबवू शकते किंवा तिसऱ्या व्यक्तीच्या देखरेखीखाली ठेवू शकते. कौटुंबिक हिंसाचाराचे प्रकरण चालू असेल आणि भेट मुलास अपायकारक ठरेल असे दंडाधिकाऱ्यास वाटले, तर २००५ च्या अधिनियमाचे कलम २१ ती नाकारण्यास सांगते. धोका अगदी समोर उभा असेल, तर सोमवारची वाट न पाहता पोलीस व बाल कल्याण समिती गाठावी.

मुख्याध्यापकांनी ताब्याच्या हुकुमाची प्रत दप्तरी ठेवावी. मूल कोणाच्या हाती द्यावयाचे, हा प्रश्न फाटकाशी उभे राहून सुटत नाही. सरपंचांनी असे प्रकरण बैठकीत मिटवू नये आणि मुलाचे नाव चर्चेत येऊ देऊ नये. वकिलाच्या खर्चाअभावी अर्ज रखडत असल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जावे. १९८७ च्या अधिनियमाप्रमाणे स्त्रिया व मुले यांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो.